बंद पडलेले इंजिन आणि कुंभाराचे गाढव

तर्कशास्त्राच्या तासाला ‘पर्वतावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे’ हे उदाहरण ऐकून ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना त्या पर्वताचाच कंटाळा आलेला असतो. कार्यकारणभाव शिकताना दुसरे एखादे उदाहरण का घेऊ नये, असे मला नेहमी वाटे. प्रस्तुत लेखात ते धाडस करीत आहे. उदाहरण विमानाचे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, वान धरणाच्या वर, साडेपाच हजार फुटांवर विमानाचे इंजिन अचानक बंद पडते. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. ते का? विमान खरे नव्हते हे आधीच सांगून टाकते, नाही तर वाचक भलत्याच काळजीत पडतील. ते आमच्या घरच्या संगणकातले विमान होते. प्रश्न मात्र अगदी खरा होता, आणि त्याचे उत्तर शोधायला मला ऑगस्टपासून एप्रिलपर्यंतचा काळ लागला.

जमिनीवर बसून उडायला शिकविणाऱ्या यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. त्याचा जन्म कोठे झाला हे ऐकून कला शाखेच्या वाचकांना गंमत वाटेल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो तयार करण्याचा कारखाना होता. लिंकला विमान चालविण्याची हौस. पण शिकवणी फार महाग. तेव्हा त्याने ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून एक लहानसे खोटे विमान बनविले. दांडी हलविली की भात्यांत हवा भरे किंवा निघे आणि विमान कले. हे १९२९ साल. ज्या वाऱ्यावर आपल्याकडे संगीत नाटकांतील पदे रंगली, त्याच वाऱ्यावर तिकडे वैमानिक शिकले! १९३४ साली अमेरिकेत टपालाची विमाने लष्कराने चालविण्याचे ठरले, खराब हवेत अपघातांवर अपघात झाले, आणि मग लष्कराने लिंकची यंत्रे विकत घेतली. पुढे १९७९ च्या सुमारास ब्रूस आर्टविक या अमेरिकन अभियंत्याने हे खोटे विमान घरगुती संगणकाच्या पडद्यावर आणले.

मी वापरते त्या सिम्युलेटरचे नाव ‘फ्लाइटगिअर’. १९९७ पासून जगभरच्या हौशी लोकांनी मिळून तो रचला आहे आणि तो फुकट मिळतो. आमच्या जुन्या संगणकावर तो कसाबसा चालतो, हा त्याचा दुसरा गुण. त्यात सेसना १७२ हे चार आसनांचे विमान आहे. १९५५ साली पहिल्यांदा उडालेले हे विमान जगात सर्वांत जास्त संख्येने बांधले गेले, आणि आजही असंख्य वैमानिक यावरच पहिले धडे गिरवितात. फ्लाइटगिअरमधील सेसनाची प्रतिकृती फार चोख आहे. तिच्या पर्यायांच्या यादीत आपण ठरविले तर पेट्रोलमध्ये पाणी येते, कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो, तेलही कमी होते. मी हौसेने ते सगळे पर्याय चालू करून ठेवले होते. पुढच्या बहुतेक मनस्तापाचे मूळ येथे आहे. परंतु सगळ्या नाही.

आता थोडा यंत्राचा परिचय करून देणे भाग आहे. या विमानाचे इंजिन चार सिलिंडरांचे, १६० अश्वशक्तीचे, पेट्रोलवर चालणारे आहे. मोटारसायकलप्रमाणेच त्याला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. वैमानिकासमोर एक काळी मूठ असते, ती इंजिनाचा जोर कमी-जास्त करते. तिच्याशेजारी लाल मूठ असते. ती हवेत किती पेट्रोल मिसळायचे ते ठरविते आणि पूर्ण बाहेर ओढली की पेट्रोल बंद होऊन इंजिन थांबते. तिसरी एक मूठ कार्बुरेटरला गरम हवा देण्यासाठी असते. खाली जमिनीलगत पेट्रोलचा कॉक: डावी टाकी, उजवी टाकी, दोन्ही, किंवा बंद. ठिणगीची व्यवस्था मला सर्वांत आवडली. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना वीज पुरविणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. ते इंजिनाच्या फिरण्यावरच वीज निर्माण करतात, म्हणून बॅटरी मेली तरी इंजिन चालूच राहते. एवढी खबरदारी घेतलेले इंजिन सहजासहजी बंद पडू नये. तरी माझे पडत होते.

माझा ठरलेला मार्ग असा. अकोल्याजवळच्या शिवणीच्या धावपट्टीवरून उडायचे, वायव्येकडे तोंड करायचे, पूर्णा ओलांडायची, तेल्हाऱ्यावरून जाताना आपले घर कोठे असेल याचा अंदाज करायचा (पडद्यावर तेथे नुसता तपकिरी पट्टा दिसतो) आणि चढत चढत वान धरणावर पोहोचायचे. सरळ रेषेत हे अंतर साठ किलोमीटरच्या आसपास भरते. वीस मिनिटे लागतात. हवामान प्रत्यक्षातलेच घ्यायचे, अशीही सोय त्यात आहे. बाहेर श्रावणाची झड लागली असली की पडद्यावरही ढग येतात.

ऑगस्टमध्ये पहिल्यांदा इंजिन बंद पडले ते वानच्या जलाशयावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच. चार दिवसांनी पुन्हा. मी वहीत नोंद ठेवू लागले: तारीख, ठिकाण, आणि ‘बंद पडले’. सहा नोंदींपैकी पाच वानच्या आसपासच्या होत्या. मी निष्कर्ष काढून मोकळी झाले की डोंगराच्या त्या भागाचा नकाशाच सदोष आहे. तो उघडताना संगणकावर ताण येतो आणि इंजिन मरते. संगणकाची स्मरणशक्ती वाढविली पाहिजे, असे मी वडिलांना सांगितले. कापूस विकला की बघू, असे ते म्हणाले. पुढे कापूस विकलाही गेला आणि पैसे बाजूला काढून ठेवले गेले. ते खर्च झाले नाहीत, याचे श्रेय माझ्याकडे येत नाही.

येथे अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ची आठवण होते. न्यायदर्शनात कारण म्हणजे कार्याच्या आधी नियमाने असणारी गोष्ट. पण एवढ्याने भागत नाही. मडके तयार होण्याआधी कुंभार असतो, चाक असते, माती असते, आणि ती माती वाहून आणणारे गाढवही असते. मग गाढव हे मडक्याचे कारण म्हणायचे काय? नैयायिक म्हणतात, नाही. ते ‘अन्यथासिद्ध’ आहे. असले तरी चालते, नसले तरी मडके होते. आपल्या बोलीत यालाच कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली असे म्हणतात. वान धरण हे माझे गाढव होते. पण गाढवाला गाढव म्हणून ओळखायचे कसे? नुसत्या नोंदी वाढवून ते कळत नाही. सहाच्या जागी साठ नोंदी केल्या असत्या तरी प्रत्येकीत वानच दिसले असते, कारण मी दुसरीकडे जातच नव्हते!

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पाच पद्धती सांगितल्या आहेत. त्यांतील पहिली अन्वय पद्धती: कार्य घडले त्या सर्व प्रसंगांत समान काय होते ते पाहा. दुसरी व्यतिरेक पद्धती: एका गोष्टीखेरीज बाकी सर्व तसेच ठेवा, ती गोष्ट काढल्यावर कार्य थांबले, तर कारण तेथे आहे. परीक्षेत आपण दोन्हींना सारखेच गुण मिळवितो. प्रत्यक्षात पहिली शंका देते आणि दुसरी उत्तर देते, असा माझा अनुभव आहे.

मग मी व्यतिरेक का वापरला नाही? खरे सांगायचे तर वैमानिकांच्या पुस्तकाने मला तो वापरू दिला नाही. हा मुद्दा जरा सावकाश सांगते. सेसनाचे इंजिन आकाशात बंद पडले तर काय करावे हे पुस्तकात ओळीने दिले आहे. वेग ६५ नॉट ठेवा. कार्बुरेटरची गरम हवा चालू करा. पेट्रोलचा कॉक दोन्ही टाक्यांवर आणा. लाल मूठ पूर्ण आत ढकला. मॅग्नेटोची किल्ली दोन्हींवर आहे ना ते पाहा. मी भराभर हे सर्व करी आणि बहुतेक वेळा इंजिन पुन्हा सुरू होई. मोठा आनंद होई. पण पाचही गोष्टी एकदम केल्यावर कोणत्या गोष्टीने ते सुरू झाले हे कसे समजणार? वैमानिकाला ते समजण्याची गरज नाही. त्याला इंजिन हवे असते. कारण नंतर, जमिनीवर, दुसरे कोणी शोधील. ज्याला कारण हवे आहे त्याने मात्र एका वेळी एकच मूठ हलविली पाहिजे, आणि तेवढ्यात विमान पडले तर पडू दिले पाहिजे. खऱ्या विमानात असे करणारा माणूस वेडा ठरेल. सिम्युलेटरचे खरे मोल मला येथे वाटते: त्यात विमान पडू देता येते. मी मात्र सहा वेळा वैमानिकासारखी वागले आणि सहा वेळा पुरावा पुसून टाकला.

या गोंधळातून पहिली वाट दाखविली माझ्या मामांनी. मामा शेतातल्या डिझेल पंपांची दुरुस्ती करतात. त्यांना विमानात रस नाही. संगणकासमोर बसलेल्या मुलीचे डोळे जातात एवढेच त्यांचे मत. दिवाळीत आले असता माझी वही त्यांनी चाळली आणि विचारले, “इंजन बंद पल्लं हे समजलं वं पोरी, पन पल्लं कसं? खोकलत खोकलत, का झटक्यानं?”

वहीत ते नव्हतेच. मी सहाही प्रसंगांना ‘बंद पडले’ हे एकच नाव दिले होते. मामा म्हणाले, खोकलत बंद पडलेला पंप आणि झटक्याने बंद पडलेला पंप हे दोन वेगळे आजार आहेत. त्यांचे औषध एका पिशवीत ठेवत नसतात. आठवून पाहिले तेव्हा ध्यानात आले की काही वेळा इंजिनाचे फेरे हळूहळू उतरत, मग धडधड होई आणि शेवटी ते बसे. काही वेळा मात्र दिवा मालवावा तसे ते जाई. मिलनेही ‘एकाच कार्याची अनेक कारणे’ असू शकतात असे बजावून ठेवलेले आहे. ते वाक्य माझ्या टिपणवहीत अधोरेखित केलेले होते, हे कबूल करायला संकोच वाटतो.

आधी खोकल्याकडे वळले. वानला न जाता मी कारंजाच्या दिशेने गेले. कमी उंची, अडीच हजार फूट. डोंगर नाही, धरण नाही. हवामान ऑगस्टमधल्यासारखेच दमट ठेवले. वीस मिनिटांच्या सुमारास इंजिन खोकू लागले! म्हणजे जागा कारण नव्हती; वानला पोहोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ दमट हवेत उडणे, ही समान गोष्ट होती. नंतर हवामानात फक्त एक बदल केला. हवा एप्रिलसारखी कोरडी केली. खोकला आला नाही. पुन्हा दमट केली, आला. तेव्हा गरम हवेची मूठ एकटीच ओढून पाहिली, बाकी कशालाही हात लावला नाही.

हा रोग म्हणजे कार्बुरेटरमध्ये बर्फ धरणे. आपल्या वऱ्हाडात बर्फ कसला, असे वाटेल. मलाही वाटले होते. पण माठाचा विचार करा. माठातून झिरपलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते आणि आतले पाणी गार होते. पेट्रोल तर पाण्यापेक्षा कितीतरी जलद उडते. कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यात हवा वेगाने शिरते, तिचा दाब उतरतो, त्यात पेट्रोल उडते, आणि दोन्ही मिळून तेथले तापमान वीस-तीस अंशांनी सहज खाली येते. बाहेर वीस-बावीस अंश असले तरी गळ्यात शून्याखाली जाते. हवेत बाष्प भरपूर असेल तर ते गळ्याच्या भिंतीवर बर्फ होऊन साचते, हवेची वाट अरुंद होते आणि इंजिन गुदमरते. तापमान २१ अंशांखाली आणि आर्द्रता ८० टक्क्यांवर असली की हा धोका सर्वांत जास्त, असे अमेरिकेच्या वैमानिक-पुस्तिकेत दिले आहे. पावसाळ्यातील चार-पाच हजार फुटांवरची आपली हवा त्या वर्णनात नेमकी बसते. उलट वैशाखातल्या कोरड्या हवेत बर्फ व्हायला बाष्पच नसते.

उपाय साधा आहे: गरम हवा देणे. पण त्यात एक फसवणूक आहे आणि ती मुद्दाम नोंदवते. मूठ ओढली की इंजिन आधी जास्तच बिघडते. गरम हवा विरळ असते, म्हणून जोर कमी होतो. त्यातच वितळलेल्या बर्फाचे पाणी सिलिंडरांत जाते, म्हणून धडधड वाढते. नवख्याला वाटते आपण चूक केली, आणि तो मूठ परत ढकलतो. मीही पहिल्या दोन वेळा तसेच केले. तिसऱ्या वेळी दात दाबून थांबले. थोड्या वेळाने फेरे चढू लागले आणि खोकला थांबला. कडू काढा देणाऱ्या आजीवर विश्वास ठेवावा लागतो, तसाच हा प्रकार.

राहिला झटका. तो फार हट्टी निघाला. कोरड्या हवेतही येई. पेट्रोल भरपूर असे. सिम्युलेटरमध्ये ‘आकस्मिक बिघाड’ म्हणून एक पर्याय असतो. यंत्र मधूनच आपणहून काहीतरी बंद पाडते आणि वैमानिकाची परीक्षा घेते. तो मी बंद आहे ना, हे तीनदा तपासले. विशेष म्हणजे कारंजाच्या बाजूला झटका एकदाही आला नाही; आला तो नेहमी सातपुड्याकडेच. गाढव पुन्हा दारात उभे! या वेळी मी सावध होते. कारंजाकडे मी खालून उडत होते, वानकडे उंचावरून. म्हणून कारंजाकडे उंचावरून गेले, आणि इंजिन झटक्याने बंद पडले. जागा गेली, उंची राहिली.

उंचीवर मी असे वेगळे काय करीत होते? जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते. साडेपाच हजार फुटांवर ती समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे १५ टक्क्यांनी विरळ असते. हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच, तर मिश्रण फाजील दाट होते आणि प्लगवर काजळी धरते. म्हणून तीन हजार फुटांवर गेल्यावर लाल मूठ थोडी बाहेर ओढून पेट्रोल कमी करावे, असे पुस्तक सांगते. मी आज्ञाधारक विद्यार्थिनी. प्रत्येक वेळी करीत होते. मला वाटले मी जास्त ओढते आहे. कमी ओढून पाहिले. तरी झटका.

मार्चमध्ये एका संध्याकाळी धाकटा भाऊ शेजारी बसला होता. मी नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर, म्हणजे पडद्यावरच्या डोंगरांकडे, पाहत होते. इंजिन गेले. मी पुस्तक उघडण्याच्या आत तो ओरडला, “ताई, थो लाल खुटा पाय, आपोआप बाह्यर आला! म्या हात नाई लावला.”

पडद्यावरची लाल मूठ खरोखरच पूर्ण बाहेर आलेली होती. माझ्या हाताखालची, जॉयस्टिकवरची सरकपट्टी मात्र दोन-तृतीयांशावरच उभी होती. आठ महिने उत्तर माझ्या डोळ्यांसमोर, दोन वितींवर होते, आणि मी क्षितिजाकडे पाहत होते.

पुढचे काम तासाभराचे होते. जॉयस्टिक काढून ठेवला आणि तीच वाट कळफलकावरून उडाले. लहान ‘एम’ दाबला की मिश्रण दाट होते, शिफ्टसह दाबला की पातळ. झटका आला नाही. सहा उड्डाणांत एकदाही नाही. जॉयस्टिक परत जोडला. दुसऱ्याच उड्डाणात इंजिन गेले. जॉयस्टिकची सरकपट्टी ही आतून रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी असते. कार्बनच्या पट्टीवर एक बारीक पाते घासत सरकते आणि ते कोठे आहे त्यावरून संगणक मुठीची जागा ओळखतो. आमचा जॉयस्टिक जुना, दुसऱ्या हाताचा, आणि चैत्रातली आमच्याकडची धूळ प्रसिद्धच आहे. दोन-तृतीयांशाच्या जागी पट्टी झिजून धुळीने भरली होती. पाते तेथे आले की स्पर्श तुटे आणि संगणकाला वाटे की मूठ पूर्ण बाहेर ओढली. खालून उडताना पट्टी टोकाला असे, म्हणून काही होत नसे. उंचावर गेल्यावर, पुस्तकाप्रमाणे वागल्यावरच, पाते त्या खड्ड्यात पडे. आणि आणीबाणीची कामे करताना मी पट्टी टोकाला ढकली, तेव्हा पाते खड्ड्यातून निघे आणि इंजिन सुरू होई. मी मात्र त्याचे श्रेय कधी कॉकला दिले, कधी मॅग्नेटोला.

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून संपर्क साफ करण्याचा फवारा आणून पट्टी पुसली. थोडा गुण आला, पूर्ण नाही. झिजलेला कार्बन पुसून परत येत नाही. अखेर मिश्रणाचे काम त्या सरकपट्टीकडून काढून कळफलकाकडेच सोपविले. संगणकाच्या स्मरणशक्तीसाठी ठेवलेले पैसे वडिलांनी फवारणीच्या औषधाला वापरले.

यावर एका मित्राने मला विचारले, की जॉयस्टिकमधला दोष हा विमानाचा दोषच नव्हे. मग यात विमानविद्या ती काय? प्रश्न रास्त आहे. घरच्या सिम्युलेटरमध्ये बिघाड दोन जगांत होऊ शकतो. एक, कल्पित विमानाच्या जगात, जेथे बर्फ धरतो. दुसरे, टेबलाच्या जगात, जेथे धूळ बसते. वैमानिकाच्या खुर्चीतून दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हा पहिला प्रश्न ‘कोणता भाग बिघडला’ हा नसून ‘कोणत्या जगात बिघडले’ हा असावा, आणि त्याची कसोटी पडद्यावरच्या मुठी आणि हातातल्या मुठी जुळतात का, ही. ही कसोटी फुकट आहे आणि तिला दोन सेकंद लागतात. खऱ्या विमानात दुसरे जग नसते, हे मान्य. पण आपण दिलेली आज्ञा आणि यंत्राला पोहोचलेली आज्ञा एकच आहे का, हा प्रश्न तेथेही असतोच.

आता माझ्या एका वाईट सवयीबद्दल. इंजिन बंद पडले की मी ‘पी’ ही कळ दाबून काळ थांबवीत असे आणि मग शांतपणे पुस्तक उघडीत असे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालेल्या एअरबस ए-३२० विमानाची दोन्ही इंजिने रानहंसांच्या थव्यामुळे निकामी झाली. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी ते हडसन नदीवर उतरविले आणि आतील १५५ जणही वाचले. इंजिने गेल्यापासून पाण्याला टेकेपर्यंत सुमारे साडेतीन मिनिटे मिळाली. सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांनी दोन्ही इंजिने बंद पडल्यावर करायच्या कामांची यादी उघडली, पण ती वीस हजार फुटांवरील उंची गृहीत धरून लिहिलेली होती आणि पूर्ण होण्याआधीच नदी आली. चौकशीत वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये बसवून तोच प्रसंग पुन्हा घडविला. पक्षी आदळताच विमान ताबडतोब वळविले तर काही प्रयत्नांत ते धावपट्टीला पोहोचले. काय झाले हे समजून निर्णय घ्यायला माणसाला लागणाऱ्या वेळेसाठी ३५ सेकंद धरले, तेव्हा पोहोचले नाही. सिम्युलेटरातल्या वैमानिकांना काय होणार हे आधी ठाऊक होते, सलेनबर्गरांना नव्हते. माझी ‘पी’ची कळ म्हणजे तेच ३५ सेकंद फुकट मिळविण्याचा मार्ग होता. तिच्यामुळे मी कारणे शोधायला शिकले असेन. विमान चालवायला नव्हे.

आपल्या भागात हा विषय यापुढे केवळ हौसेचा राहणार नाही असे दिसते. अमरावतीजवळ बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली, आणि तेथेच वैमानिक-प्रशिक्षण संस्था काढण्याचे एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केले. तिच्यासाठी मागविलेल्या ३४ विमानांपैकी ३१ एका इंजिनाची व ३ दोन इंजिनांची, आणि सगळी जेट ए-वन इंधनावर चालणारी. म्हणजे इंजिने डिझेलच्या जातीची! त्यांना कार्बुरेटर नाही, मॅग्नेटो नाही, ठिणगीच नाही. मामांना हे सांगितले तेव्हा त्यांनी प्रथमच विमानाबद्दल एक प्रश्न विचारला: त्याला गाळणी किती?

सध्या घरी नवा नियम केला आहे. ‘पी’ची कळ मला वर्ज्य. उड्डाण चालू असताना भाऊ केव्हाही, न सांगता, पेट्रोलचा कॉक बंद करतो किंवा मॅग्नेटोची किल्ली फिरवितो, आणि मी आधी ६५ नॉटचा वेग धरायचा, मग शेत निवडायचे, मग मुठींकडे पाहायचे. इंजिन नसताना सेसना दर हजार फुटांमागे पावणेतीन किलोमीटरच्या आसपास तरंगत जाते. वानवरून, पायथ्याच्या पठाराच्या साडेचार हजार फूट वर असताना, हा हिशेब बारा किलोमीटरचा होतो. तेल्हारा गाठता येत नाही, हिवरखेडची शेते गाठता येतात. दहा वेळा केले. सात वेळा विमान शेतात नीट उतरले. दोनदा कारण चटकन सापडून इंजिन सुरू झाले. दहाव्या वेळी कारण शोधण्यात मी इतकी गुंतले की वेग ४५ नॉटवर आलेला पाहिलाच नाही, आणि विमान नाक खाली घालून पऱ्हाटीच्या वावरात गेले. भावाने त्या वेळी कॉक बंद केलाच नव्हता. त्याने नुसती माझी सरकपट्टी परत जोडून ठेवली होती.